आजीचा आवाज बदलला कसा?

कॅसेट आता बहुतेक घरांत माळ्यावर जाऊन पडल्या आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आम्हा काही शिक्षकांकडेही अशा कॅसेटची खोकी आहेत. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून आम्ही गावोगाव फिरलो आणि जात्यावरच्या ओव्या, भलरी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जमतील तशा टिपून ठेवल्या. त्याच काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह करीत होते. त्यातल्या पुष्कळ ओव्या बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या कोणालाही ऐकता येतात. त्यापुढे आमचे काम अगदीच लहान. पण ज्या घरातल्या बाईचा आवाज त्या फितीवर आहे, त्या घराला तो आवाज लहान वाटत नाही.

फीत कायम टिकत नाही. प्लास्टिकच्या पट्टीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो, बुरशी धरते, पट्टी चिकटते. म्हणून कॅसेटवरचा आवाज संगणकात उतरवून ठेवावा लागतो, आणि पुढे गरजेप्रमाणे त्या फाईलचे स्वरूपही बदलावे लागते. या रूपांतरात आम्ही एकदा चांगलेच फसलो. कसे फसलो आणि सुटलो कसे, ते येथे सांगत आहोत. त्यात नववी-दहावीच्या विज्ञानाचा आणि गणिताचा बराच भाग येतो.

ओव्या त्याच, आवाज वेगळा

१९९४ साली आमच्यातल्या एकाने वाळवा तालुक्यातल्या एका आजींच्या ओव्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर घेतल्या होत्या. काही वर्षांनी एका परिचिताने ती कॅसेट संगणकात उतरवून एका सीडीवर भरून दिली. पुढे मूळ फितीला बुरशी धरली आणि ती तुटली. आजीही गेल्या. राहिली ती सीडी. तिच्यावर दोन फाईली होत्या, कॅसेटच्या दोन बाजूंच्या. दोन्हींच्या नावापुढे ‘रॉ’ एवढेच, म्हणजे ‘कच्चा माल’. सोबत कागद नाही, नोंद नाही, आणि उतरवून देणाऱ्यालाही आता काही आठवत नव्हते.

आम्ही त्या फाईलीचे रूपांतर ‘वेव्ह’ या नेहमीच्या स्वरूपात केले. आवाज स्वच्छ आला. जात्याची घरघर, मधूनच बांगड्यांचा आवाज, ओव्यांचे शब्द, सगळे नीट. आनंदाने तो आजींच्या लेकीला ऐकवला. त्या आता सत्तरीच्या आहेत. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “व्हव्या आईच्याच हायती सर, पर आवाज आईचा न्हाई.”

आम्ही आधी समजूत काढायचा प्रयत्न केला. इतकी वर्षे झाली, जुनी फीत, वगैरे. पण त्यांचे म्हणणे ठाम होते. आणि बरोबर त्यांचेच होते, चूक आमची होती.

फाईलमध्ये असते तरी काय?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या दाबातल्या चढउतारात रूपांतर करतो. संगणक हा चढउतार ठरावीक अंतराने मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणू. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे २ बाइटमध्ये लिहितात.

फाईलमध्ये फक्त आकड्यांची ही लांबच लांब रांग असते. रुग्णाच्या तापाचे आकडे कागदावर लिहिले, पण दर किती तासांनी ताप पाहिला ते लिहिलेच नाही, तर डॉक्टरांना तक्ता वाचता येईल का? तसेच येथे आहे. म्हणून वेव्हसारख्या फाईलीत सुरुवातीलाच एक छोटा मथळा असतो. त्यात नमुने सेकंदाला किती, प्रत्येक नमुना किती बिटांचा, आवाजाच्या वाहिन्या एक की दोन, हे लिहिलेले असते. ‘रॉ’ फाईलीत हा मथळाच नसतो. आकडे आहेत, त्यांचा अर्थ लावण्याची किल्ली नाही.

किल्ली चुकली की काय होते ते पाहा:

• एका वाहिनीची फाईल दोन वाहिन्यांची समजून वाचली, तर एकाआड एक नमुने दोन कानांत वाटले जातात. आवाज दुप्पट वेगाने पळतो आणि एक सप्तक वर चढतो.

• नमुन्यातल्या दोन बाइटांचा क्रम उलटा धरला, तर नुसती खरखर ऐकू येते. १,००० हा आकडा घ्या. तो ३ × २५६ + २३२ असा दोन बाइटांत लिहिला जातो. क्रम उलटला की २३२ × २५६ + ३ म्हणजे ५९,३९५ होतात. १६ बिटांत ऋण संख्याही लिहायच्या असतात, त्यामुळे संगणक हा आकडा ५९,३९५ − ६५,५३६ म्हणजे −६,१४१ असा वाचतो. सगळेच आकडे असे भलतीकडे उडाल्यावर गाणे कुठून उरणार?

• नमुन्यांचा दर चुकीचा सांगितला, तर आवाज स्पष्टच येतो, पण वेग आणि पट्टी बदलते.

पहिल्या दोन चुका कानाला लगेच कळतात. तिसरी चूक फसवी आहे, आणि ती आम्ही केली होती. सीडीवर मिळाली म्हणून आम्ही दर ४४,१०० धरला. तो ४८,००० होता. हा दरही ध्वनिमुद्रणात सर्रास वापरतात. सेकंदाला ४८,००० घेतलेले आकडे आम्ही सेकंदाला ४४,१०० या गतीने ऐकत होतो. ४४,१०० भागिले ४८,००० म्हणजे ०.९१९. सगळे काही आठ टक्के मंद आणि तेवढेच खाली.

सूर बरोबर कसा लागला?

आठ टक्के म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी एक आणि पांढरी सात यांच्या मधोमध येऊन बसते. एवढा फरक आमच्या कानांना का कळला नाही? आमच्यात एक जण पेटी वाजवणारे आहेत, त्यांनाही काही खटकले नव्हते.

याचे उत्तर आपल्याच भागातल्या एका जुन्या कामाकडे नेते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदुस्थानी संगीतातील २२ श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. तारेच्या लांबीवरून स्वरांचे प्रमाण मोजताना त्यांनी आधार घेतला तो पुढे मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा. साताऱ्यास न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स हेही या कामात गुंतले, आणि भारतीय संगीताची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये निघाले. श्रुतींविषयीची त्यांची मते पुढे वादग्रस्त ठरली, पण मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी मोजली ती गुणोत्तरे. सा आणि पंचम यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २ : ३. सा कोणताही घ्या, प्रमाण तेच.

आता सा सेकंदाला २४० कंपनांचा आणि पंचम ३६० कंपनांचा आहे असे समजा. मंद झालेल्या फाईलीत सा २२०.५ होईल आणि पंचम ३३०.७५. प्रमाण पुन्हा २ : ३ च! सगळे स्वर एकाच प्रमाणात घसरतात, म्हणून चाल बेसूर होत नाही. गाणे ओळखणारा कान अशा वेळी फसतो. माणूस ओळखणारा कान मात्र फसत नाही. आईच्या बोलण्याची पट्टी, श्वास घेण्याचा वेग, तोंडाच्या पोकळीतून उमटणारे अनुनाद, हे सगळे त्या लेकीच्या कानात पक्के बसलेले होते. ते सगळेच आठ टक्के खाली सरकले होते.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. जुन्या तबकड्यांना आपण ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग नेमका ७८ असेच असे नाही. अशी तबकडी ७८ ला वाजवली की गायकाची पट्टी आपोआप बदलते.

पुरावा कुठे सापडला?

दर ४८,००० असावा ही झाली शंका. ती खरी कशावरून?

पहिला पुरावा साध्या भागाकाराचा होता. एका फाईलीचा आकार सुमारे १७ कोटी २८ लाख बाइट होता. एक वाहिनी, १६ बिट आणि दर ४४,१०० धरला, तर सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. भागाकार येतो १,९५९ सेकंद, म्हणजे ३२ मिनिटे ३९ सेकंद. पण कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची! दर ४८,००० धरला तर सेकंदाला ९६,००० बाइट, आणि भागाकार बरोबर १,८०० सेकंद. हा प्रश्न प्रथम विचारला तो आमच्या नववीच्या एका मुलीने. “सर, ही जादा अडीच मिनिटं कुठनं आली?” मात्र कॅसेटमध्ये फीत थोडी जास्तच भरलेली असते. त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नव्हता.

दुसरा पुरावा मिळाला तो ज्याला आपण दोष म्हणतो त्यातून. ते ध्वनिमुद्रण घरातल्या विजेवर टेपरेकॉर्डर चालवून केले होते, आणि त्यात मागे एक बारीक गुणगुण होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यामुळे येणारी गुणगुण ५०, १००, १५० अशा वारंवारतांवर असते. आवाजातल्या वारंवारतांचे चित्र काढण्याची सोय ‘सॉक्स’ या प्रोग्रॅममध्ये आहे. गुणगुण फार खालच्या भागात असते, म्हणून आम्ही फाईलीची एक प्रत सेकंदाला १,००० नमुन्यांवर आणली. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता फाईलीत मावतात, त्यामुळे चित्रात ० ते ५०० एवढाच भाग मोठा होऊन दिसला. त्यात सरळ आडव्या रेषा होत्या: एक ४६ च्या जवळ, दुसरी ९२ च्या, तिसरी १३८ च्या. ५० ला ०.९१९ ने गुणून पाहा!

येथे सावध राहायला हवे. १९९० च्या दशकात आपल्या वीजजाळ्याची वारंवारता ५० च्या बरीच खालीवर होत असे, आणि टेपरेकॉर्डरची मोटरही अगदी नेमक्या वेगाने फिरत नाही. म्हणून या रेषांवरून अर्ध्या-एक टक्क्याची बारीक दुरुस्ती करणे योग्य नाही. पण आम्हाला निवड करायची होती ती ठरावीक दरांतून: २२,०५०, ३२,०००, ४४,१००, ४८,०००. त्यासाठी हा पुरावा पुरेसा होता.

आज्ञेत शब्दाची जागा

माउसने चालणारे अनेक प्रोग्रॅम मनाशी काहीतरी गृहीत धरून मोकळे होतात. आज्ञा टंकून चालणाऱ्या साधनांना गृहीतक लिहून द्यावे लागते, म्हणून चूक शोधायला ती बरी. ‘सॉक्स’ १९९१ पासून आहे, ‘एफएफएमपेग’ २००० पासून. दोन्ही फुकट मिळतात आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतात. येथे आज्ञा देवनागरीत दिली आहे. संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावी.

सॉक्स -आर ४८००० -ई साइन्ड -बी १६ -सी १ आजी.रॉ आजी.वेव्ह

‘आर’ म्हणजे नमुन्यांचा दर, ‘ई’ म्हणजे आकड्यांची जात (येथे धन-ऋण पूर्णांक), ‘बी’ म्हणजे बिट, ‘सी’ म्हणजे वाहिन्या. शेवटी आधी मूळ फाईल आणि मग नवी. सॉक्सचा नियम असा की या खुणा त्यांच्यापुढे येणाऱ्या फाईलीला लागू होतात. मूळ फाईलीच्या आधी ‘आर’ लिहिला, तर त्याचा अर्थ ‘ही फाईल या दराची आहे असे समज’. नव्या फाईलीच्या आधी लिहिला, तर ‘या दराची नवी फाईल बनव’. पहिल्यात आवाजाचा वेग बदलू शकतो. दुसऱ्यात सॉक्स मधले आकडे हिशेबाने काढतो आणि वेग तोच राहतो. एफएफएमपेगमध्येही मूळ फाईलीच्या नावाआधीच्या खुणा तिच्यासाठी आणि नंतरच्या नव्या फाईलीसाठी असतात. ‘सगळं बरोबर टाइप केलं तरी आवाज पळतो’ अशी तक्रार आली की आम्ही प्रथम खुणेची जागा पाहतो.

नेहमी येणाऱ्या अडचणी

नाव बदलले, माल तोच. फोनवरून आलेल्या फाईलीचे शेपूट खोडून ‘वेव्ह’ लिहिले की ती वेव्ह झाली, असा पुष्कळांचा समज असतो. डब्यावरची चिठ्ठी बदलून मिठाची साखर होत नाही. सॉक्स अशा वेळी वेव्हचा मथळा सापडला नाही असे सांगून थांबतो. आत काय आहे ते आधी विचारावे. त्यासाठी ‘सॉक्सआय’ आणि ‘एफएफप्रोब’ या आज्ञा आहेत, आणि लिनक्सवर ‘फाईल’ नावाचीच एक आज्ञा आहे. वॉट्सॅपवरच्या आवाजी निरोपात, उदाहरणार्थ, ‘ऑग’ नावाच्या डब्यात ‘ओपस’ पद्धतीने आवळलेला आवाज असतो.

हे शेपूट हाताळणारे कोणी नाही, असा संदेश. फाईल चांगली असते, पण आपल्या संगणकावरच्या सॉक्सला एमपी-थ्री वाचता येत नाही. त्यासाठीचा जोडभाग वेगळा बसवावा लागतो, नाहीतर तेच काम एफएफएमपेगकडून करून घ्यावे.

फाईल सापडत नाही. बहुधा नावात मोकळी जागा असते. ‘आजी ओव्या’ ही संगणकाला दोन नावे वाटतात. नाव अवतरणचिन्हांत टाकावे, किंवा जागेऐवजी जोडरेघ वापरावी.

आकडे कापले गेले, अशी सूचना. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा बसत नाही. आवाज वाढवताना लाटेची शिखरे या मर्यादेवर सपाट होतात आणि आवाज फाटतो. पातळी कमी करून रूपांतर पुन्हा मूळ फाईलीवरून करावे. फाटलेल्या फाईलीचा आवाज नंतर कमी करून उपयोग नाही.

मोठी केली तरी सुधारत नाही. जुन्या मोबाइल फोनवरचे ‘एएमआर’ ध्वनिमुद्रण सेकंदाला ८,००० नमुन्यांचे असते. म्हणजे ४,००० च्या वरच्या वारंवारता त्यात नाहीतच. ‘स’ आणि ‘श’ यांची धार बरीचशी त्याच भागात असल्यामुळे फोनवर ‘सारा’ की ‘शारा’ असा घोटाळा होतो. अशा फाईलीचे वेव्ह केले तर आकार वाढतो, गेलेला भाग परत येत नाही. एमपी-थ्रीचेही तसेच. सेकंदाला १,२८,००० बिटांची एमपी-थ्री फाईल सीडीच्या आवाजाच्या सुमारे अकराव्या हिश्शात मावते, कारण कानाला कमी जाणवणारा तपशील ती टाकून देते. ती उलगडून पुन्हा एमपी-थ्री केली की आणखी काही जाते. जतनासाठी वेव्ह किंवा ‘फ्लॅक’ ठेवावी. फ्लॅक फाईल वेव्हपेक्षा लहान असते आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. सॉक्स त्याच नावाची जुनी फाईल असली तरी न विचारता तिच्यावर लिहितो. मूळ फाईलीची प्रत दुसऱ्या जागी ठेवल्याशिवाय कोणतीही आज्ञा देऊ नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. पेटीचा एकच स्वर दहा सेकंद मुद्रित करा. तो ४८,००० दराच्या कच्च्या फाईलीत ठेवा आणि ४४,१०० चा समजून वाचा. नवा स्वर पेटीवर कोणत्या दोन पट्ट्यांच्या मध्ये येतो ते मुलांना शोधू द्या. फाईल किती सेकंदांची झाली तेही आधी गणिताने काढा, मग मोजा.

२. एक वाक्य ८,००० दरावर आणा. ‘साखर’, ‘शेत’, ‘सशाची शेपटी’ असे शब्द एका मुलाने ऐकून लिहावेत. कोणती अक्षरे चुकली त्याची यादी करा.

३. एकच फाईल दहा वेळा एमपी-थ्री आणि वेव्ह अशी आलटून पालटून बदला. पहिली आणि शेवटची लागोपाठ ऐका.

४. घरातली एक जुनी कॅसेट उतरवा आणि सोबत कागद लिहा: कोणी गायले, कोठे, कधी, कोणत्या यंत्रावर, किती दराने, किती बिटांत, किती वाहिन्यांत. आमच्या सीडीवर अशी एक ओळ असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

दर ४८,००० सांगून केलेली नवी फाईल आम्ही आजींच्या लेकीकडे नेली. चित्रातल्या रेषा आता ५०, १०० आणि १५० च्या जवळ आल्या होत्या. त्यांना त्यातले काही सांगितले नाही, नुसता आवाज लावला. दुसऱ्या ओवीला त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “आता बोलली आई.” ती फाईल फ्लॅकमध्ये तीन ठिकाणी ठेवली आहे, प्रत्येक ठिकाणी कागदासकट.